पेलिंगनी जोडलेला सांधा

आमच्या दुकानात मासे-चिप्स बांधायला जुनी वर्तमानपत्रं लागतात, आणि त्या वर्षी ज्या कागदाला हात लावावा त्यात एकच माणूस बोलत असायचा. युद्धात तो आमचा पंतप्रधान होता. म्हातारपणी त्याने युद्धाची सगळी हकिगत लिहायला घेतली होती आणि आता शेवटच्या महिन्यांची पाळी आली होती. पानंच्या पानं छापून यायची. मी त्यांत हॅडक मासा गुंडाळायचे आणि वर व्हिनेगर शिंपडायचे. त्याच्या हकिगतीवाचून माझं काही अडलं नव्हतं. ते महिने मी इथेच काढले, लंडनच्या नदीकाठच्या या गल्लीत, याच कढईसमोर.

अडलं होतं ते होरेस पेलिंग यांचं.

पेलिंग गॅस कंपनीत मिस्त्री होते. लांबोडा, जरा वाकलेला माणूस, मिशा तांबूस, हातांना कायम साबणाचा वास. लग्न केलं नाही. विनी नावाची बहीण होती, तिच्याबरोबर टेंटर रो नावाच्या जवळच्याच गल्लीत राहायचे. बोलायचे कमीच, पण एक ठरलेली थट्टा होती. नळीचा सांधा जोडला की त्यावर साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा येतो का ते बघायचं, आणि नाही आला की घरच्या बाईला म्हणायचं, "घ्या बाई. हा आता तुमच्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल!" तीच थट्टा, दर वेळी. आणि आम्ही बायका दर वेळी हसायचो.

युद्ध संपत आलंय असं सगळे म्हणत होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी पेलिंगनी शेजारच्या मिसेस क्रॅडकच्या स्वयंपाकघरातला गंजलेला सांधा बदलून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंटर रोची ती अख्खी बाजू जमीनदोस्त झाली. विनी गेली. मिसेस क्रॅडकचा सिरिल गेला, नुकता दाढी करायला लागलेला पोरगा. ती स्वतः तेवढी वाचली, कारण माझ्या दुकानात रांगेत उभी होती.

मी काय ऐकलं ते सांगते. आधी धडाका झाला, माझ्या भिंतीच्या फरशा निखळल्या, आणि मग, त्यानंतर, आकाशातून गडगडत काहीतरी येत असल्याचा आवाज आला. कोळशाची गाडी दगडी रस्त्यावरून यावी तसा. आधी फुटलं आणि येण्याचा आवाज मागून! असं कधी कोणी ऐकलंय? पण दुपारी सरकारी हॅटवाले साहेब आले आणि म्हणाले, गॅसची मोठी नळी फुटली. झालं. त्या आठवड्यात अशा नळ्या लंडनभर फुटल्या. लोक एकमेकांना विचारायचे, "काय हो, आज कुठली नळी उडाली?" आमच्या गल्लीत मात्र ही थट्टा कोणी केली नाही. आदल्या संध्याकाळी गॅसला कोणाचा हात लागला होता ते आम्हाला माहीत होतं.

पेलिंग कामाच्या आवारात होते, नदीपलीकडे. त्यांनी नुसता धडाका ऐकला. धावत आले, हातांनी विटा उपसल्या, आणि ढिगाखाली त्यांना त्यांचाच सांधा दिसला. त्यातून निळी ज्योत निघत होती.

"तिथेच जळत होतं गं, हिल्डा," ते मला म्हणाले. "बरोबर तिथेच."

सगळ्यांच्या देखत मिसेस क्रॅडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, रडलीही नाही. "माझा सिरिल झोपेत होता, पेलिंग," एवढंच बोलली आणि वळली. त्यापेक्षा चार थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

काही आठवड्यांनी पंतप्रधानांनी पार्लमेंटात उभं राहून सांगितलं की शत्रू रॉकेटं टाकतोय. आवाजाच्या आधी पोचतात ती. मी एप्रन न सोडता पेलिंगांकडे पळाले.

"ऐकलंत? मी बोंबलत होते ना?"

"रॉकेटं पडतात म्हणाले," पेलिंग म्हणाले. "आपल्याकडे पडलं ते रॉकेट होतं, असं नाही म्हणाले."

"अहो, पण तो आवाज!"

"गॅसही फुटतो, पोरी. जन्मभर बघितलंय मी."

त्यांनी नोकरी सोडली. गोदामाच्या फाटकावर राखणीला बसू लागले. चांभाराच्या दुकानावर एक खोली घेतली आणि तिथली गॅसची शेगडी काढायला लावली, चहासुद्धा कोळशावर. टेंटर रोच्या जागी पुढे सरकारने पत्र्याची घरं उभी केली, त्यातलं एक मिसेस क्रॅडकला मिळालं. पेलिंग समोरून दिसले की ती रस्ता ओलांडून पलीकडे जायची. वर्षानुवर्षं हेच.

मग ती हकिगत छापून यायला लागली आणि पेलिंग रोज दुपारी दुकानात डोकवायला लागले. "रॉकेटांचं आलं का?"

"नाही आलं. आणि आलं तरी तुम्हाला काय त्याचं?"

"ज्याच्या राज्यात गॅस म्हणून सांगितलं, त्याच्याच तोंडून ऐकायचंय मला. आम्ही गॅस म्हणालो, पण तो गॅस नव्हता, एवढं एक वाक्य. आता त्याला कोणाची भीती आहे? युद्ध तर जिंकून झालं."

एका शुक्रवारी ते पान आलं. शुक्रवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. पेलिंग काउंटरला टेकून वाचायला लागले. मागून एक जण ओरडला, "मिस्टर पेलिंग, मासा घ्या नाहीतर वाचनालयात तरी जा!" त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पान उलटलं, परत मागे आले, परत वाचलं. रॉकेट किती उंच जायचं, कुठून सुटायचं, लंडनकरांनी किती धीर धरला, सगळं होतं. सुरुवातीला आम्ही मुद्दाम गप्प राहिलो, शत्रूला कळू नये म्हणून, हेही होतं.

"गॅसचं नाव नाही," पेलिंग म्हणाले.

"मग बरंच आहे की!" मी म्हटलं. मूर्खच मी.

"बरं कसलं? गप्प बसलो म्हणतो. खोटं सांगितलं असं कुठेच म्हणत नाही. म्हणजे जिथे गॅस सांगितला तिथे गॅसच होता, हिल्डा."

माझं टाळकंच फिरलं. "अहो, मोठी माणसं सोयीचं तेवढंच लिहितात! बायबल आहे का ते?" पण त्यांनी पानाची नीट घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि मासा न घेता गेले. मला आजही त्या पुस्तकवाल्या म्हाताऱ्याचा संताप येतो. एवढी शाई सांडलीस बाबा, एक ओळ आमच्या गॅसवाल्यासाठी सांडली असतीस तर काय बिघडलं असतं?

रांगेत मिसेस क्रॅडक होती. तिने ते पान मागून घेतलं, ओठ हलवत तिथेच वाचलं आणि माझ्यापुढे टाकलं. "माझा मासा ह्यात बांध."

"ह्यात?"

"ह्यातच. तेवढ्याच लायकीचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चांभाराच्या दुकानाखाली उभी राहून वर ओरडली, "पेलिंग! माझ्या शेगडीपाशी वास येतोय. हत्यारं घेऊन ये."

पेलिंगनी खिडकी उघडली. "कंपनीचा माणूस बोलवा, मिसेस क्रॅडक."

"मला कंपनीचा नकोय. तू ये."

आले. इतक्या वर्षांनी ती हत्यारांची पिशवी खाली उतरली. मीही मागोमाग गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं तरी. पाना त्यांच्या हातून दोनदा खाली पडला. सांधा उघडला, पुसला, परत जोडला, साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही.

"इथे गळत नव्हतंच," पेलिंग म्हणाले.

"माहीत आहे मला," म्हणत तिने काडी ओढली. पेलिंग तोंड झाकून भिंतीला चिकटले. शेगडी नेहमीसारखी पेटली. तिने किटली वर ठेवली, पण त्यांच्याकडे वळली नाही.

"तो मागून आलेला आवाज मीही ऐकला होता, पेलिंग. हिच्याच दुकानात उभी होते ना मी. पहिल्या दिवसापासून मला ठाऊक होतं तू काही केलेलं नाहीस. पण आकाशाला किती शिव्या देणार? तू समोर होतास."

बाई गं! पेलिंग रागावले नाहीत, रडलेही नाहीत. हत्यारं एकेक करून पिशवीत भरली.

"चहा घे," ती म्हणाली. "आणि बोल की, सांधा जोडला की नेहमी बोलायचास ते."

पेलिंगनी पिशवी उचलली. दारापाशी जाऊन म्हणाले, "सांधा नुकता उघडलाय. थोडे दिवस लक्ष ठेवलेलं बरं."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ते तिच्या घरासमोरच्या फुटपाथवर येऊन उभे राहायचे. घर जागेवर आहे का ते बघायला. धुकं असो, थंडी असो. ती आत बोलवायची, ते नको म्हणायचे. शेवटी ती खिडकीशी यायची आणि चहाचा कप उंच करून दाखवायची, हे बघ, मी आहे. मग ते मान हलवून घरी जायचे. दुसऱ्या दिवशी परत.

छाती आधीच खराब होती त्यांची. त्या हिवाळ्यातल्या कोळशाच्या धुराने काळ्या झालेल्या धुक्याने त्यांना नेलं. दफनाला आम्ही दोघीच होतो आणि चांभार.

त्याला आता दोन हिवाळे झाले. दुकान बंद करून मी त्या बाजूने जाते तेव्हा मिसेस क्रॅडकच्या खिडकीत दिवा असतो. पडदा ओढण्याआधी ती अजून कप उंच करते, आणि समोरून कोणी मान हलवतंय का ते बघत थोडा वेळ तशीच उभी राहते.