धोट्याचं नाणं

सरकार आता शास्त्रज्ञांची, शोधांची, उपग्रहांची नाणी काढतं. ओळखीतलं कुणी असं नवं नाणं घेऊन आलं की मी आधी भिंग लावतो आणि मग नावं ठेवतो. कडा बोथट आहे, चष्म्याची दांडी कानात शिरली आहे, वगैरे. म्हातारा खवट आहे म्हणतात. असेन. पण जन्मभर ठसे कोरले आहेत, आणि या कामात सरकारच्याही आधी माझा नंबर लागतो. शोध लावणाऱ्या माणसासाठी मी नाणं पाडलं, तेव्हा मुंबई अजून महाराष्ट्राची व्हायची होती.

गिरगावात खोताच्या वाडीजवळ बिल्ले आणि पदकं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कामाला होतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती, त्यामुळे बिल्ल्यांना मरण नव्हतं. दिवसभर ते ठोकायचे आणि संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत लोकांच्या छातीवर टाचायचे, असा माझा क्रम. तिथेच एका माणसाच्या सदऱ्याला मी वाकड्या टाचणीचा बिल्ला लावला. लक्षात आल्यावर काढायला गेलो, तर टाचणीबरोबर सदऱ्यातला एक दोरा सरसर बाहेर आला. मी माफी मागत होतो आणि तो त्या दोऱ्याकडे बघत उभा होता. मग त्याने विचारलं, अशीच तार मिळेल का, याहून बारीक?

बोलता बोलता कळलं की माझे वडील परळच्या ज्या गिरणीत विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, आहेत, तिथेच हा रिंग खात्यात सूत काततो. तो नुकताच बौद्ध झाला होता. विणाईत पगार जास्त, पण तिथे त्याच्या लोकांना घेत नसत, आणि त्याला कारण सांगत ते धोट्याचं. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी भरायचा, धोट्याच्या भोकाला ओठ लावायचा आणि श्वासाने सूत बाहेर ओढायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. एकमेकांचं उष्टं सगळ्यांना चालायचं, फक्त ह्याच्या लोकांचं नाही. मी जॉबरचा मुलगा. हे मला कळत्या वयापासून माहीत होतं आणि एकदाही खटकलं नव्हतं. त्याची मला आजही लाज वाटते.

त्याला हवं होतं ते धोट्यातून सूत ओढणारं हूक. तोंडच लागलं नाही, तर नकार कशाच्या जोरावर देतील? चोरबाजारातून आणलेला धोटा घेऊन तो रविवारी कारखान्यात यायचा. तार तो वाकवायचा, टोक मी घासायचो. पहिली हुकं सूत तोडायची, पुढची भोकातच अडकून बसायची. खरी अडचण वेगाची होती. दोन-दोन माग सांभाळणाऱ्या विणकराला तोंडाने हे क्षणाचं काम. हूक त्याहून संथ असेल तर ते कोण हातात धरणार? शेवटी मोडक्या कांडीची मूठ लावलेलं, अंगठ्याने एकदा ढकललं की सूत घेऊन मागे येणारं हूक जमलं.

एका रविवारी मी त्याला लालबागला आमच्या खोलीवर नेलं. वडिलांनी आपला जुना धोटा बाहेर काढला आणि शर्यत लावली. दहा कांड्या ते तोंडाने भरणार, दहा हा हुकाने. त्याची दहावी झाली तेव्हा वडील नवव्या कांडीवर खोकत बसले होते. वर्षानुवर्षांचा कापूस होता त्यांच्या छातीत. बराच वेळ हूक उलटसुलट करून त्यांनी बघितलं आणि त्याला एवढंच म्हणाले, "खंडेनवमीक खात्यात ये."

खंडेनवमीला गिरणीत यंत्रांची पूजा असे. बायकापोरं धरून सगळे आत जात, आणि आमच्या विणाई खात्यात नवा माणूस घ्यायचा तर जॉबर त्याला त्याच दिवशी सगळ्यांसमोर उभा करत. विणकरांनी मान डोलावली तर ह्याला माग मिळणार होता. नाही तर जन्मभर रिंग.

त्या दिवशी त्याच्या हातात नाणं पडलंच पाहिजे, असं मी ठरवलं. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि जो तो नाण्यांविषयी बोलत होता. मी रुपयाएवढं पितळी नाणं करायला घेतलं. एका बाजूला मुंबईसकट महाराष्ट्राचा नकाशा, जो तेव्हा कुठल्याच सरकारी कागदावर नव्हता. दुसऱ्या बाजूला विणकर. जीव ओतून ठसा कोरला आणि पहिलं नाणं त्याला दाखवायला नेलं. त्याने ते उजेडात धरलं.

"छान आहे रे," तो म्हणाला. "पण हा तर तोंडच लावतोय."

खरंच लावत होता. लहानपणी खंडेनवमीला आत गेलो की वडील मला धोटा भरून दाखवत, आणि विणकर म्हटलं की माझ्या हाताला तेवढंच येत होतं. धोटा ओठांशी, गाल आत ओढलेले. जे संपल्याचा आनंद करायचा, तेच मी पितळेवर पक्कं करून ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी नवा ठसा कोरला. त्यात माणूस नाही, फक्त हात, धोटा आणि हूक.

खंडेनवमीला मागांवर झेंडूच्या माळा होत्या. बौद्ध झाल्यावर पूजेला हात जोडायचा त्याचा प्रश्न नव्हता. पूजा होईपर्यंत तो दाराशी उभा राहिला आणि मग आत आला. हुकाने त्याने भराभर धोटे भरून दाखवले. तरुण विणकर खूश झाले, हूक हातोहात फिरून त्याच्याकडे परत आलं. तेवढ्यात मागून एका जुन्या विणकराने विचारलं, हूक हरवलं तर? ऐन घाईत हा तोंडच लावणार ना?

हूक कितीही चांगलं केलं तरी यांना काहीतरी कारण सापडणारच, हे मला तेव्हा कळलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी वडिलांकडे बघत होतो. पण आधी हलला तो. त्याने हूक मागावर ठेवलं, वडिलांचाच जुना धोटा उचलला, नवी कांडी भरली, ओठ लावून सूत ओढलं आणि धोटा सगळ्यांपुढे धरला.

"हरवलं तर हे असं," तो म्हणाला. "आता बोला."

वडील पुढे झाले. त्याच्या हातून त्यांनी धोटा घेतला, सूत तोडलं, धोटा पुसला नाही, आणि त्याच भोकाला ओठ लावून पुन्हा सूत ओढलं.

"परवापासून खिडकीकडचे दोन माग ह्येचे," ते म्हणाले. "कोणाक अडचण आसा?"

नव्हती. असली तरी ती सांगायची कुणाची छाती नव्हती. मी नाणं त्याच्या हातात ठेवलं, त्याने ते डोक्यावर उंच धरून दाखवलं, आणि तरुण पोरांनी सभेतल्यासारख्या घोषणा सुरू केल्या. पुढे राज्य झालं, मुंबईसकट झालं, तेव्हा मी रस्त्यात नाचलो. पण त्या खंडेनवमीएवढा आनंद मला तेव्हाही झाला नाही.

वर्षभरात विणाईत ज्याच्या त्याच्या खिशाला ते हूक दिसू लागलं, त्या जुन्या विणकराच्याही. हूक करणारा माझा मित्र निवृत्त होईपर्यंत विणाईतच राहिला. नाणं शेवटपर्यंत त्याच्या घरी होतं. वडिलांनी त्यानंतर कधी धोट्याला तोंड लावलं नाही.

चुकलेलं नाणं मी वितळवायला काढून ठेवलं होतं. खंडेनवमीला गिरणीतून परत आलो आणि ते पुन्हा भिंगाखाली धरलं. ते अजून माझ्या खणात आहे. कोरलं तेव्हा ते ओठ माझ्या वडिलांचे होते. आता दोघांपैकी कुणाचे, ते मला सांगता येत नाही.