निम्मी रोपं

माझं माहेर तिसगावकडचं, बाजरीच्या मुलखातलं. तिकडे पावसाची वाट बघून डोळे शिणायचे. लग्न होऊन अकोले तालुक्याच्या डोंगरात आले, तर इथे पाऊस थांबायचं नाव घेईना. ही माणसं चार महिने चिखलात राहतात तरी कशी, असं मी पहिल्याच आषाढात सासूबाईंना तोंडावर विचारलं. त्या हसल्या आणि डोक्यावर पावसाचं इरलं देऊन मला भाताच्या खाचरात उतरवलं.

लढाईची सालं होती. भाताची रोपं करायची तर आधी राब भाजायचा, म्हणजे वाफ्यावर शेण, पाला, झाडाच्या फांद्या पसरून जाळायच्या, ही तिथली रीत. त्या उन्हाळ्यात रानातल्या फांद्या तोडायला सरकारने मनाई केली. मामंजी हात चोळत बसले. सासूबाईंचं माहेर घाटाखालचं. तिकडे भाताला मोड आणून ते चिखलावर फेकतात, हे त्यांनी पाहिलेलं. त्यांनी तसंच करायचं ठरवलं. घरात बियाणं तेवढंच होतं, आणि मोड आलेलं भात परत साठवता येत नाही. गेलं तर वर्षभर काय खायचं ते तूच सांग, असं मामंजी त्यांना म्हणाले आणि पाठ फिरवून बसले.

भिजलेलं भात टोपलीत पाल्याखाली उबवलं. मला धीर नव्हता, सारखी हात घालून बघायची नि बोलणी खायची. मोड आले, भात चिखलावर फेकून झालं, आणि तिन्हीसांजेला पाऊस जो लागला तो सकाळीही तसाच. वाफ्यात पाणी तुंबलं. ते काढलं नाही तर बियाणं कुजणार, हे मलाही कळत होतं. पाणी काढायचं तर बांध फोडायचा, आणि बांधाखाली मामंजींच्या थोरल्या चुलत भावाचा वाफा. त्यांनी घरच्या शेणावर कसाबसा राब भाजून रोपं वर आणली होती. ते फावडं घेऊन बांधावर उभेच होते.

या थोरल्या दिरांपुढे सासूबाई कधी बोलत नसत. काही सांगायचं तर ते माझ्यामार्फत.

"तुज्या सासूला सांग," ते मला म्हणाले, "पानी सोडलं तर माजी रोपं गाळात जातील. मग मी काय लावू?"

सासूबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर काहीतरी वेडंवाकडंच बोलले असते, इतका मला थोरल्यांचा राग आला होता. खरं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. तेवढ्यात सासूबाई थेट त्यांच्याकडे वळल्या.

"आमची जगली तर निम्मी तुमची," त्या म्हणाल्या. "न्हाई जगली तर दोनी घरं नाचनीवर दिवस काढू."

थोरल्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी मान खाली घातली. मग थोरल्यांनीच फावडं उचललं आणि स्वतःच्या हाताने बांध फोडला.

त्यांचा वाफा गाळात गेला. आमच्या वाफ्यावर बरेच दिवस काही दिसेना. मी कावळे हाकत बसायचे आणि चिखलाकडे बघून रडायचे. मग एकदाचं हिरवं दिसलं.

आवणीला, म्हणजे रोपं खाचरात लावायच्या वेळी, सासूबाईंनी रोपांच्या जुड्या बांधल्या आणि निम्म्या थोरल्यांकडे न्यायला माझ्या डोक्यावर दिल्या. मामंजी आडवे आले. आपलं खालचं खाचर रिकामं राहील, असं ते म्हणाले.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "शबूद मी दिलाय."

ते खाचर रिकामंच राहिलं. फाल्गुनात भात संपलं आणि आम्ही नाचणी खाल्ली. मामंजी कितीतरी दिवस सासूबाईंशी धड बोलले नाहीत.

पुढच्या ज्येष्ठात गावातल्या बाया बियाणं कसं भिजवायचं ते विचारायला येऊ लागल्या. सासूबाई सगळं सांगायच्या, काही हातचं राखायच्या नाहीत. पण आधी प्रत्येकीला त्या रिकाम्या खाचराच्या बांधावर न्यायच्या, आणि तुझ्या वाफ्याखाली कोणाचा वाफा आहे ते विचारायच्या.