स्मरणिकेतला माझा लेख

सातपूरच्या आमच्या कारखान्यातला मेनफ्रेम, म्हणजे अख्खी खोली अडवून बसलेला तो जुना संगणक, काढायचा ठरला तेव्हा स्मरणिकेत त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नुकतीच प्रोग्रामर झाले होते आणि डोक्यात हवा गेली होती. वाचनालयातून संगणकाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं आणली. सगळीकडे यंत्र, ते बनवणारे आणि विकत घेणारे. फोटोत यंत्रापाशी बाई बसलेली असायची, पण खाली नाव मागे उभ्या साहेबाचं. त्याच साच्यात मी लेख पाडला: 'आकडे आत गेले की पुढचं सगळं यंत्रच करी.'

हे धादांत खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. शॉपमधून, म्हणजे जिथं माल तयार व्हायचा तिथून, येणाऱ्या तेलकट जॉबकार्डांवर हातानं लिहिलेले पार्ट नंबर पंचरूममधल्या बायका संगणकासाठी कार्डांना भोकं पाडून भरायच्या. पडताळ्यासाठी एकीनं भरलेलं दुसरी पुन्हा भरायची. जुळलं नाही की मशीन अडायचं. मग चांदवडकडच्या आमच्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर बाई जॉबकार्ड उजेडात धरून सांगायच्या, "हा सात नाय गं, एक हाय. फोर्जिंगवाल्यांचा एक असाच वाकडा." मी तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

स्मरणिका निघाल्यावर चार महिन्यांनी त्याच बाईंना टायपिस्ट म्हणून गोदामात पाठवायचं पत्र निघालं. त्यांनी हरकत घेतली: मी संगणक विभागाची आहे, मला नव्या मशीनवर बसवा. सुनावणीला विभागातर्फे, म्हणजे बदलीच्या बाजूनं, मला बोलावलं. पर्सोनेलच्या साहेबांनी स्मरणिका उघडली, माझंच वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "मॅडम, हे बरोबर ना? म्हणजे बाईंचं काम नुसतं टायपिंगचं?"

शेजारी माझे साहेब बसले होते आणि माझं प्रोग्रामर म्हणून कायम होणं त्यांच्या सहीवाचून अडलं होतं. बाई माझ्याकडे बघत होत्या, अगदी निर्धास्त. मी खरं तेच सांगणार याची त्यांना खात्री होती.

"चूक आहे," मी म्हटलं. "आकडे आत जायच्या आधी चुका या बाई पकडायच्या. मीही तिथंच काम केलंय."

"मग लिहिलं का नाही?"

जागा कमी होती, ही थाप अगदी ओठांवर आली होती.

"लाज वाटली," मी म्हणाले. "मी पंचरूममधून आलेय हे कुणाला कळू नये असं वाटत होतं."

पर्सोनेलच्या साहेबांनी ते लिहून घेतलं आणि बाईंची बदली रद्द झाली. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. कालपर्यंत मला अगं-तुगं करणाऱ्या बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मॅडम, ही कार्डं कुठं ठेवू?" निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला मॅडमच म्हटलं.