आणि मंडळी

पृथ्वीवरचे सगळे स्वल्पविराम उद्या संपावर गेले, तर बोलणी करायला सरकारला सांगलीत आमच्या साडूंच्याच दारात यावं लागेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. मूळचे लोणंदचे, सांगलीत एका कॉलेजात ग्रंथपाल. मिरजेच्या दवाखान्यात त्यांना ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, तेव्हा भूल चढता चढता समोरची पाटी वाचून ते डॉक्टरांना म्हणाले, "'शांतता राखा'पुढे तीन उद्गारचिन्हं? अहो, ओरडून कसली शांतता मागता?" दोन उद्गारचिन्हं खोडल्याशिवाय त्यांना भूल चढलीच नाही, असं तिथल्या सिस्टर आजही सांगतात. पाचगणीहून मी हौसेनं स्ट्रॉबेरी नेली, तर खोक्यावरचं 'ताजी, गोड, स्ट्रॉबेरी' वाचून म्हणाले, "भाऊ, गोड आणि स्ट्रॉबेरीत भांडण आहे का? मग मध्ये हा कशाला उभा केलाय?" तो स्वल्पविराम खरवडून काढेपर्यंत घरात कुणाला एक फळ मिळालं नाही.

पण त्यांचं खरं साम्राज्य म्हणजे प्रबंधांच्या संदर्भसूच्या. हल्ली संदर्भ सांभाळायला सॉफ्टवेअर असतं आणि त्यात 'स्टाइल' नावाची एक फाइल असते. नावापुढे स्वल्पविराम की टिंब, 'पृष्ठ' लिहायचं की नुसतं 'पृ.', सूची मराठीत बोलणार की इंग्रजीत, हे सगळं ती ठरवते. तिच्यात एका जागी दुरुस्ती केली की अख्खा प्रबंध दुरुस्त. "जगाची अशी एकच फाइल असती ना भाऊ, तर मी दुपारच्या चहापर्यंत जग आटोपलं असतं," असं साडू म्हणतात, आणि ते करतीलही. जतच्या एका गुरुजींच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषेची सेटिंग चुकून जर्मन पडली होती. त्यामुळे दोन लेखकांच्या मध्ये 'आणि'च्या जागी सगळीकडे 'उंड' उगवला. इतक्या ग्रंथांत ज्याचा हात आहे तो माणूस थोरच असणार, असं समजून गुरुजींनी ऋणनिर्देशात डॉ. उंड यांचे सपत्नीक आभार मानले होते. साडूंनी भाषा मराठी केली आणि डॉ. उंड सपत्नीक अंतर्धान पावले. गुरुजी मात्र चार दिवस हळहळत होते.

एवढा हा शूर माणूस दोन शब्दांना मात्र घाबरायचा : 'व इतर'. कारण घरातलंच होतं. सांगलीच्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत निमंत्रकांच्या नावांमध्ये स्वल्पविरामांची माळ फार लांबायला लागली, म्हणून साडूंनी स्वतःच शेवटची नावं उडवून तिथं सुबक 'व इतर' केलं. त्या सुबकपणात त्यांचा थोरला भाऊच इतरांत गेला. फौजेतून सुट्टीवर येताना आपले कपडे पिशवीत कोंबून, ट्रंकेत धाकट्यासाठी पुस्तकं भरून आणणारा सुभेदार भाऊ. सुभेदार वास्तुशांतीला आले, मांडवाच्या टोकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आमी इतर हाय. इतरांची पंगत कवा बसती?" आणि न जेवता गेले. त्यानंतर त्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. कामापुरता फोन करायचे, पण सुरुवात ठरलेली : "हॅलो, इतर बोलतोय."

अशा या सुभेदारांची मुलगी ऊसपट्ट्यातल्या गावांवर मराठीतून प्रबंध लिहून साडूंकडे आली. "काका, सूची नीट करून द्या. अप्पांनीच पाठवलंय. म्हणाले, इतरांची पोरगी आलीय म्हणून सांग."

नियम असा होता की तीनपेक्षा जास्त लेखक असले, की पहिलं नाव लिहून बाकीच्यांचा संक्षेप करायचा. साडूंनी नियम धाब्यावर बसवला आणि सगळे लेखक छापले. उसावरचा एकेक शोधनिबंध देशोदेशीच्या शास्त्रज्ञांनी मिळून लिहिलेला. सूची इतकी फुगली, की झेरॉक्सवाल्यानं ती हातगाडीवरून पोचवली. मार्गदर्शक बाईंनी ती तशीच परत धाडली : "ही संदर्भसूची आहे की मतदारयादी? संक्षेप करा, नाहीतर प्रबंध जमा होणार नाही."

त्या दिवशी मी सांगलीतच होतो. साडू कपाळाला हात लावून बसलेले. "भाऊ, दादा हा प्रबंध मागच्या बाजूनं उघडणार. आणि त्याच्या पोरीच्या प्रबंधात, माझ्या हातानं, पानोपानी 'व इतर'?"

"मग लॅटिन 'एट अल.' टाका की! इंग्रजीवाले टाकतात तसं."

"लॅटिनमध्येही त्याचा अर्थ इतरच होतो. आणि लोणंदमध्ये दादाला ते सांगणारा कुणीतरी भेटणारच."

पोरगी रडवेली झाली होती. साडू एकदम तिला म्हणाले, "पोरी, घरी पाहुणे आले की दादा काय म्हणतो गं?"

"'या मंडळी, बसा मंडळी.' एकटा माणूस आला तरी मंडळीच म्हणतात."

साडूंनी स्टाइलची फाइल उघडली आणि एक ओळ बदलली. झालं! सूचीभर जगातले नामांकित शास्त्रज्ञ मंडळी घेऊन हजर झाले. 'थॉम्सन आणि मंडळी', 'गोन्साल्विस आणि मंडळी', जणू सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरून सुभेदारांच्या ओसरीवर चहाची वाट बघत बसलेत. बाईंनी सूची वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "नियमात संक्षेप करा एवढंच आहे. शब्द कुठं दिलाय?" म्हणाल्या आणि सही केली.

प्रबंध लोणंदला पोचला. पुढचं मेव्हणीकडून कळलं. रविवारी सकाळी फोन वाजला. साडूंनी उचलला, तर पलीकडून नेहमीचा खडा आवाज : "हॅलो, मंडळी बोलतोय. पंगत कवा बसती?"

दुपारी मला साताऱ्यात साडूंचा मेसेज आला. मला 'ठीक' असा एका शब्दाचा निरोप पाठवतानाही पुढे टिंब द्यायला न विसरणारा हा माणूस. मेसेजमध्ये दोनच शब्द होते : 'दादा जेवतोय'. पुढे काही नाही, साधा पूर्णविरामसुद्धा नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्या तावडीत सापडले होते. चूक दाखवायला मी टिंब टाइप केलंही. मग ते पुसलं, आणि ते वाक्य तसंच उघडं राहू दिलं