काचा बंद, एसी चालू

दादा एका गुरुवारी सकाळी गेला. वर्गात हजेरी घेताना खुर्चीतून खाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

तो मुरबाडच्या शाळेत भूगोल शिकवायचा. गाड्यांचं त्याला वेड नव्हतं. पण आईला दमा, तिचे डॉक्टर शहापूरला, आणि वाटेत रस्त्याचं काम. समोरची वाहनं निघेपर्यंत धुळीत उभं राहावं लागे. काच जराशी खाली केली तरी आईची छाती भरून येई, म्हणून काचा बंद आणि एसी चालू. नेमकी तेव्हाच आमची गाडी जागच्या जागी थरथरायची आणि बंद पडायची.

"माझ्यासारखीच झालीय रे ही," आई म्हणायची. "बसल्या बसल्या धाप लागते."

गॅरेजवाला दादाचा वर्गमित्र. तो म्हणाला, "मास्तर, थांबलास का एसी बंद कर. सगळे तेच करतात. गाडीचे एवढे लाड कशाला?"

"लाड गाडीचे नाय, आईचे."

"मग एसीचा कॉम्प्रेसर बदल. जड झाला असंल."

दादाने लगेच हो म्हटलं नाही. रविवारी अंगणात त्याने बॉनेट उघडलं. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हतं. इंजिन बंद असताना त्याने कॉम्प्रेसरची चकती हाताने फिरवली. ती सहज फिरली, म्हणजे कॉम्प्रेसर जड झालेला नव्हता. मग गाडी सुरू करून एसी लावला. कॉम्प्रेसर 'टक्' करून इंजिनाला जोडला गेला, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली गेला आणि तिथेच रेंगाळला. दादाने ॲक्सिलरेटर जेमतेम दाबला, तशी थरथर थांबली. एसी चालूच होता. तो कितीतरी वेळ पाय ठेवत आणि उचलत राहिला.

"ताकद आहे हिच्यात," तो म्हणाला. "पाय काढला का इंजिनाला हवा कमी पडते."

त्याने मित्राला बोलावून हवा आत जाते तो थ्रॉटल उघडायला लावला. आत काजळीचा थर होता.

"च्यायला मास्तर, नकाशात बघितलंस काय?"

दोघांनी मिळून तो पुसून काढला. पुन्हा एसी लावल्यावर काटा क्षणभर खाली गेला, वर आला आणि स्थिरावला. मागच्या सीटवर येऊन बसलेली आई म्हणाली, "आता मला पण असंच उघडून पूस रे."

काजळी आज ना उद्या कुणालाही सापडली असती. सगळे सोसतात म्हणून आईनेही सोसावं, हे दादाला पटलं नाही, आणि त्यासाठी त्याने कुणावर आवाजही चढवला नाही. इतक्या शांतपणे हट्ट धरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्याच्या मागे मी गाडी शिकले. रस्त्याचं काम अजून चालू आहे, आणि गाडी बंद पडत नाही. घरात आता आई आणि मी आहोत. तिला शहापूरला मी नेते.