गंधकाचा दुवा

रेखाचा फोन आला तेव्हा मी नांदेडला सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. "मावशी, आत्या गेली…" एवढंच म्हणाली. मीही फार विचारलं नाही. वसुधा महिनाभर विष्णुपुरीला रेखाकडं अंथरुणाला खिळून होती. आम्ही सगळेच थकलो होतो.

वसुधा मूळची औशाकडची. हैदराबादच्या प्रयोगशाळेत ती प्रोटीनवर काम करायची. जिवाणूकडून माणसाचं प्रोटीन बनवून घेता येतं, पण आपल्या शरीरात त्यावर साखरेची जी साखळी चढते, ती काही त्याला चढवता येत नाही. ती साखळी रसायनानं, नेमक्या जागी जोडायची, हे वसुधाचं काम. तिनं ती जोडलीही, पण मधे गंधकाचा दुवा ठेवून. निसर्गात तिथं गंधक नसतं. तेवढं काढून अस्सल जोड साधायची राहिली होती… आणि भूकंप झाला. भाऊ-भावजय दगडांखाली गेले. त्यांची तीन वर्षांची रेखा वाचली. वसुधा महिन्याच्या रजेवर आली ती परत गेलीच नाही. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. तिथं ती रसायनशास्त्र शिकवू लागली, मी जीवशास्त्र. दिवसाला चार बॅचेस. संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असायचा.

शेवटच्या भेटीत मी तिला एक शोधनिबंध नेऊन दिला. परदेशात कुणीतरी गंधक काढून निसर्गासारखाच दुवा जोडला होता. तिनं दोनदा वाचला.

"जमलं की गं त्यांना."

"तू राहिली असतीस तर तुलाही…"

"न्हाई. भूकंपाच्या आधीच मी कंटाळले होते. घरी यायला निमित्त मिळालं, बस. रेखाला सांग हे. पोरगी उगीच मनाला लावून घेऊन राहिली." तिनं डोळे मिटले.

दिवसकार्य झाल्यावर मी रेखाला तसंच सांगितलं. ती उठून आत्याच्या कपाटातून जाडजूड गठ्ठा घेऊन आली. आमच्या क्लासचे जुने सराव पेपर, कित्येक वर्षांचे. प्रत्येकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वसुधाच्या अक्षरात तेच प्रोटीन, तीच साखर, गंधक काढायची एकेक वाट… आणि त्यावर मारलेली काट.

"मावशी, कंटाळलेलं माणूस असं करतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

रेखानं तो गठ्ठा परत कपाटात ठेवला नाही. आत्याच्या पलंगावर, उशीपाशी ठेवला. परवा गेले तेव्हा तिथंच होता.