आज धरून, आज सोडून

सुईताईला एका जागी बसणं कधी जमलंच नाही, पण त्या बुधवारी दुपारपासून तिचं जे काही चाललं होतं ते बघून गायीसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागल्या. गोठ्यातून औषधाच्या खोलीत, खोलीतून परत गोठ्यात. फ्रीज उघडून बाटल्या मोजल्या, दार लावलं, पुन्हा उघडून पुन्हा मोजल्या. हातातला कागद घडी घालून खिशात ठेवला, काढला, परत ठेवला.

"ताई, काय हरवलंय?" रेडिओने विचारलं. रेडिओ म्हणजे यंत्रावर दूध काढणारा. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीआधी अख्ख्या केंद्राला माहीत व्हायची, म्हणून हे नाव.

"तुझी अक्कल. सापडली तर देते आणून."

एरवी असं बोलून ती स्वतःच खोखो हसली असती. त्या दिवशी हसली नाही, आणि रेडिओच्या ते लगेच लक्षात आलं.

एकोणिसाव्या वर्षी ती या केंद्रात शेणाची गाडी ढकलायला लागली होती. गायी गाभण का राहत नाहीत, कोणत्या गायीचा माज बाहेर न दिसता मुका जातो, कोणती तीन तीनदा रेतन करूनही उलटते, म्हणजे गाभ न धरता परत माजावर येते, याचा इथे अभ्यास चालतो. तेव्हाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकदा तिचा हात बघितला आणि म्हणाले, "पोरी, हा हात शेण ढकलायचा नाही. खांद्यापर्यंत हातमोजा चढव आणि घाल आत." गायीच्या मागून हात घालून, आतड्याच्या पडद्याआडून गर्भाशय चाचपायचं. पहिल्याच दिवशी गायीने शेपटी हाणून तिचं तोंड असं रंगवलं की आई घरात घेईना. पण वर्षभरात तिची बोटं शहाणी झाली. दोन महिन्यांचा गाभ ती डोळे मिटून सांगायची, आणि ती "आहे" म्हणाली की वासरू व्हायचंच.

मग सुया द्यायचं कामही तिच्याकडे आलं. सुई अशी द्यायची की गाय मान वळवून बघायचीसुद्धा नाही. लोक म्हणायला लागले, बाईचा हातगुण चांगला आहे. आता हातगुण काही मोजता येत नाही, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, पण एकदा नाव झालं की झालं. शेजारपाजारचे गायवाले तिला बोलवायला घरी यायचे. कुणी डॉक्टर आणतो म्हटलं तरी म्हणायचे, नको, सुईताईचाच हात लागू दे. तीस वर्षं ती या एका शब्दावर ताठ मानेनं चालली.

आणि गेल्या दोन वर्षांत तोच शब्द उलटा झाला.

दोन वर्षांपूर्वी मॅडम आल्या. तरुण, हुशार, बोलायला गोड, पण कामात काटेकोर. वारंवार उलटणाऱ्या चाळीस गायी त्यांनी निवडल्या. गायींच्या छोट्या छोट्या तुकड्या करायच्या. सोमवारी पहिली सुई, तिच्यामुळे बीज सुटतं. बीज सुटलं त्या जागी एक छोटी पिवळी गाठ धरते. सातव्या दिवशी दुसरी सुई, तिने ती गाठ विरघळते आणि गाय माजावर येते. मग नजर ठेवायची, माज दिसला की रेतन करायचं. मॅडमनी हे सगळं सुईताईला खडू घेऊन फळ्यावर समजावलं होतं. दर सोमवारी त्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून विचारायच्या, "ताई, सातव्याची सुई झाली?" आणि ताई खालून ओरडायची, "झाली!"

चाळीसपैकी चौतीस गायींना दोन्ही सुया तिने दिल्या. गाभण राहिल्या सहा. मध्ये एका आठवड्यात ताई तापाने पडली होती, तेव्हा सहा गायींची दुसरी सुई मॅडमनी स्वतः दिली. त्या सहांतल्या चार राहिल्या.

झालं! रेडिओ सुरू झाला. ताईचा हात जड झालाय. ताईच्या हाताला आता यश नाही. तिने सुई दिली की गाय उलटलीच म्हणून समजा. मॅडम चिडायच्या, "काहीतरी बोलू नका, सहा गायींवरून काही ठरत नसतं." पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? शेजारचे गायवाले यायचे बंद झाले. एक जण तर रस्त्यात दिसला आणि दुसऱ्या बाजूने गेला. ताई घरी येऊन दिव्याखाली आपला हात उलटसुलट करून बघायची. तोच हात, तीच बोटं. कुणाचं वाईट चिंतलं म्हणून हे झालं, असं ती मनातल्या मनात शोधत बसायची, आणि नवऱ्याने काही विचारलं की त्याच्यावर खेकसायची.

शेवटी केंद्राच्या साहेबांनी सांगितलं, शुक्रवारी अहवाल द्या आणि हा विषय संपवा. अहवालात लिहायचं होतं की आपल्या गायींना ही पद्धत लागू पडत नाही. ज्या तीस गायी गाभण राहिल्या नाहीत त्या विकायच्या. आणि ताईला एक तारखेपासून चारा विभागात पाठवायचं. या अहवालासाठीच मॅडमनी बुधवारी तिच्या हातात कागद दिला. "ताई, तुमच्या वहीत नुसत्या खुणा आहेत, 'सातवा दिवस, दिली', एवढंच. हजेरीपुस्तकावरून तारखा तेवढ्या भरून द्या."

ती फाटकावरच्या चौकीत हजेरीपुस्तक घेऊन बसली. पहिली तुकडी, पहिली सुई सोमवार, दुसरी रविवार. दुसरी तुकडी, सोमवार, रविवार. तिसरी, रविवार. दर वेळी ती रविवारी येऊन सही करून गेली होती. केंद्राला सुट्टी, नवरा घरी, तरी ती यायची. मग तापाचा आठवडा आला. त्या रविवारी मॅडमची सही नव्हती; त्यांनी सुई दिली ती सोमवारी.

तेव्हाही तिला हे दिसलं होतं हो! बरी होऊन आल्यावर तिने मनात म्हटलंही होतं, मोठी माणसं, रविवारी कोण येतंय, दिली एक दिवस उशिरा. आपण होऊन तिने मॅडमना माफसुद्धा करून टाकलं होतं.

आता तिने बोटांवर मोजलं. सोमवार एक, मंगळवार दोन, असं रविवारी सात. सातवा दिवस रविवारच. मग फळ्यावरचं मॅडमचं ते चित्र आठवलं. पहिल्या सुईच्या खाली त्यांनी एक भोपळा काढला होता. ताईला वाटलं होतं, सुईची खूण असेल.

ते शून्य होतं. सोमवार शून्य. मॅडम आज सोडून मोजत होत्या आणि ताई आज धरून.

चौतीस गायींना दुसरी सुई एक दिवस आधी गेली होती. गाठ अजून कच्ची, आणि कच्ची गाठ त्या औषधाला दाद देत नाही, हेही मॅडमनीच सांगितलं होतं. ताईने पुस्तक मिटलं. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगा, तिला आनंदही झाला. हात चांगला आहे! हात चांगलाच होता! मग लगेच ध्यानात आलं. हात चांगला, म्हणजे चूक माझी.

तेव्हापासून तिचं हे फ्रीज उघडणं आणि लावणं चाललं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने भाजीत दोनदा मीठ घातलं. नवरा दुधाचा टँकर चालवायचा. त्याने एक घास खाल्ला, पाणी प्यायला आणि ताट सरकवलं. "बोल आता. नाहीतर उद्या साखरेच्या जागी खत घालशील."

तिने सगळं सांगितलं. कागद पुढे केला. तारखांचा रकाना कोराच होता.

नवऱ्याने कागद हातात घेतला. मग म्हणाला, "सोमवार लिही."

"अहो!"

"चौतीस ठिकाणी सोमवारची तारीख टाक आणि मोकळी हो. हजेरीपुस्तक कोण उघडतंय? चाऱ्याकडे तर पाठवणारच आहेत. वर आणखी चूक अंगावर घेऊन काय मिळणार? काढूनच टाकतील."

"आणि गायी?"

"तुझ्या आहेत का त्या?"

ती उठली. झाडून झालेली खोली पुन्हा झाडायला लागली. नवऱ्याच्या खुर्चीखालून झाडू घालताना त्याने पाय वर घेतले आणि एकदम म्हणाला, "दोन वर्षं मी म्हणत होतो, रविवारी तरी घरी थांब. एक दिवस माझं ऐकलं असतंस तर सगळं बरोबर झालं असतं."

हे तो रागाने बोलला होता, पण बोलून झाल्यावर दोघांनाही त्याचा अर्थ कळला. ती जरा आळशी असती, सुट्टीला सुट्टी म्हणणारी असती, तर सुई आपोआप सोमवारी पडली असती. ताई झाडू हातात धरून मटकन खाली बसली आणि रडली. नवरा तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. तो म्हणाला, "भाजी एवढीपण खारट नव्हती."

शुक्रवारी सकाळी मॅडम यायच्या आधीच ती प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. रात्रीतून तिने तारखा भरल्या होत्या. चौतीस रविवार, सहा सोमवार.

मॅडमनी कागद घेतला, पर्स खांद्यावर तशीच ठेवून वाचला. "ताई, हे रविवार कसले?"

"सातवा दिवस, मॅडम. मी आज धरून मोजला."

मॅडमना आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या खुर्चीत बसल्या. चेहरा पांढरा झाला, मग लाल. "मी दर सोमवारी विचारत होते! दर सोमवारी! तुम्ही म्हणायचात झाली!"

"झालीच होती ना. आदल्या दिवशी."

"दोन वर्षं, ताई! माझी दोन वर्षं!" मॅडमनी हातातलं पेन भिंतीवर फेकलं. ते सूक्ष्मदर्शकाला लागून खाली पडलं. ताईने वाकून ते उचललं आणि हातातच धरून ठेवलं, द्यायची हिंमत होईना.

"शून्यापासून कोण मोजतं हो?" ती अगदी हळू म्हणाली. "मला वाटलं ती सुईची खूण आहे."

खिडकीतून गायींना पाणी सोडल्याचा आवाज येत होता. मॅडमनी डोळे पुसले, परत कागद ओढला आणि तापाच्या आठवड्यातल्या ओळींवरून बोट फिरवलं. सहा सोमवार. चार गाभण. पुन्हा फिरवलं.

"सहावरून काही ठरत नाही," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग फोन उचलून त्यांनी साहेबांना सांगितलं की अहवाल आज येणार नाही, आणि त्या तीस गायी कुठेही जाता कामा नयेत. पलीकडून बराच वेळ आवाज चढत राहिला. मॅडम "हो सर, हो सर, माझी जबाबदारी" म्हणत राहिल्या. मग त्यांनी फोन ठेवला.

"मुदत वाढवून देतील की नाही, माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नाही दिली तर मीपण घरी. आणि काय चुकलं ते आता लिहून द्यावं लागणार. तुमचं नाव येईल त्यात. माझंही येईल. धरून की सोडून, हे मी विचारायला हवं होतं."

"लिहा."

मॅडमनी संगणकावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. सूचना देणारीने आणि घेणारीने दिवस मोजायची सुरुवात वेगवेगळी धरली, त्यामुळे चौतीस गायींना दुसरं इंजेक्शन एक दिवस आधी दिलं गेलं.

ताईने लक्ष देऊन ऐकलं. "यात हाताचं काही आलं नाही."

"हाताचा काय संबंध?"

"तेच लिहा, मॅडम. मोजायला चुकली म्हणून लिहा, अक्कल कमी म्हणून लिहा, काय वाटेल ते लिहा. पण खाली लिहा की हाताचा संबंध नव्हता."

"ताई, अहवालात असं वाक्य नसतं."

"असू दे एक," ताई म्हणाली, आणि पेन पुढे केलं.

मॅडमनी पेनकडे बघितलं. मग पेन न घेता त्यांनी पुन्हा संगणकाकडे तोंड केलं आणि लिहिलं. इंजेक्शन देण्याच्या पद्धतीत कोणताही दोष आढळला नाही. देणारीचा हात उत्तम आहे.

ताईने त्यांना ते दोनदा वाचायला लावलं.